हळदीच्या पाण्यातल्या तिसऱ्या

मी शिंपल्यांची पोटं फाडते. तुम्ही काय करता, असं कोणी विचारलं की मी हेच सांगते आणि समोरच्याचं तोंड बघत बसते. नोकरीचं खरं नाव लांबलचक आहे, ते सांगायला घेतलं की माणूस मधेच घड्याळ बघतो. परळच्या एका प्रयोगशाळेत मी तिसऱ्या, कालवं, शिणाणे असं शिंपल्यात राहणारं सगळं तपासते. त्यात जंतू किती आहेत, कावीळ किंवा जुलाब आणणारे विषाणू आहेत का, ते शोधायचं आणि रिपोर्ट लिहायचा.

माझं माहेर लालबागचं, मालवणी. तिसऱ्यांच्या कालवणावर वाढलेल्या मुलीने मोठं होऊन तिसऱ्यांचेच दोष काढावेत, हे माझ्या आईला आजतागायत पचलेलं नाही. "खायच्या वस्तूत घाण शोधायची नि वर पगार घ्यायचा, काय एकेक कामं निघालीत!" असं ती शेजारणींना माझ्यासमोरच सांगते. शेजारणी हसतात. मीपण हसते, पण आतून थोडं लागतं.

काम तसं साधं आहे. जिवंत तिसरी घासून धुवायची, सुरीने उघडायची. काही मांस वाटून जंतू मोजायला लावायचं. पोटातला काळपट भाग बारीक चिमट्याने वेगळा काढायचा आणि विषाणू शोधायला द्यायचा. तो काळा भागच का, तर तिसरी एका जागी पडून दिवसभर पाणी पीत असते. पाणी आत घेते, गाळते, बाहेर सोडते. पाण्यात जे काही असेल ते तिच्या पोटात साठतं. चांगलं काय नि वाईट काय, हे तिला निवडता येत नाही. आपल्या खाड्यांत आपण काय काय सोडतो ते मी इथे लिहीत बसत नाही, वाचणाऱ्याचं जेवण व्हायचं असेल.

तर माझी धाकटी बहीण गरोदर राहिली. ती गिरगावात दिलेली. ही तिची दुसरी खेप. पहिल्या वेळचं पाचव्या महिन्यात गेलं होतं, दीड वर्षापूर्वी. तेव्हापासून आमच्या घरात बाळ हा शब्द कोणी मोठ्याने काढत नसे. या वेळी चौथा सरला, पाचवा सरला, तरी आम्ही सगळ्या श्वास रोखूनच बसलेल्या. सहाव्यात तिने आईला फोन केला आणि म्हणाली, "आई, तुझ्या हातच्या एकशिपी तिसऱ्या खाव्याशा वाटतायत गं."

एकशिपी म्हणजे तिसरी कच्चीच विळीवर उघडायची, सगळं मांस एका शिंपलीत ठेवायचं, दुसरी शिंपली टाकून द्यायची. मग कांदा-खोबऱ्यावर घालून, झाकण ठेवून जेमतेम एक वाफ काढायची. जास्त शिजवली की वातड होते, आणि वातड तिसरी वाढणं ही आमच्याकडे नामुष्की. मला ती वाफच नको होती. एवढ्याशा वाफेने जंतू मरतील एक वेळ, विषाणू आरामात जगतात. गरोदर बाईला एका जातीची कावीळ तर थेट जिवावर बेतते. मी हे रोज बघणारी बाई. आईने मोठ्या आनंदाने मला फोन करून सांगितलं, तर मी माटुंग्याच्या आमच्या घरातून अशी काही ओरडले की सासूबाई देवघरातून उठून आल्या.

"अजिबात नाही! तिला तिसऱ्या द्यायच्या नाहीत. दुसरं काहीही दे. पापलेट दे, सुरमई दे."

"तिने पापलेट मागितलंन काय?" आई म्हणाली. "डोहाळो असो बदलून मिळता काय गो? पुरवलो नाय तर पोराचे कान फुटतत."

"कान फुटत नाहीत, आई. कावीळ मात्र होते."

"तुमी दोघी पोटात होतास तेव्हा मी पातेलीभर खाल्लेल्या तिसऱ्या. काय झाला तुमका? तुझी जीभ तेवढी लांब झाली."

आईची मालवणी बाहेर आली की समजायचं, बाई आता ऐकणार नाहीत. एरवी ती आमच्याशी मुंबईचंच मराठी बोलते. मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्या आईला एका खाण्याच्या वस्तूवरून इतकं हट्टाला पेटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. साधी गोष्ट, नाही म्हटलं तर नाही, तर डोळ्यांत पाणी आणून भांडत होती. शेवटी मीच हात टेकले. म्हटलं, "ठीक आहे. तू जिच्याकडून घेतेस तिच्या तिसऱ्या मला आणून दे. मी तपासते. चांगल्या निघाल्या तर बघू."

आमच्या मोठ्या मॅडमना विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही. आईला मी तीन-तीनदा बजावलं. बाजारातून आणशील तशाच डब्यात घाल. धुवायच्या नाहीत, पाण्यात ठेवायच्या नाहीत, काही म्हणजे काही करायचं नाही. आई फोनवर "बरं बरं, कळलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणाली.

ती डबा घेऊन स्वतः आली, लालबागहून परळपर्यंत चालत. प्रयोगशाळेच्या फाटकाशी उभी होती ती लग्नाकार्याला नेसायची साडी नेसून. डब्याला फडकं बांधलेलं. वॉचमनला तिने सांगितलं होतं, "माझी मुलगी आत साहेबीण आहे." मला हसू आलं आणि थोडं भरूनही आलं. डबा हातात देताना म्हणाली, "नीट बघ हां. रागाने नापास करू नकोस."

मी डबा आत ठेवला आणि एका मीटिंगला गेले. परत आले तर शेजारच्या टेबलावरची सहकारी, माझ्याच बरोबरीने लागलेली, सुरी हातात धरून हसत होती. म्हणाली, "ये बघ गं, तुझ्या तिसऱ्यांना आधीच कावीळ झालीये."

उघडलेली तिसरी पिवळी होती. वरून नाही, आतून. कल्ले पिवळे, पोटाच्या कडा पिवळ्या. दुसरी उघडली, तीही तशीच. मी नाक जवळ नेलं. हळद! मी तिथल्या तिथे कपाळाला हात लावला. कप्पाळ माझं!

आईला फोन लावला. "आई, तू काय केलंस?"

"काही नाही केलं. धुतल्या नाहीत, तू सांगितलंस म्हणून."

"मग हळद कुठून आली?"

"थांब हां," म्हणून ती बाजाराच्या गोंगाटातून बाजूला झाली. मग म्हणाली, "रात्रभर मीठपाण्यात ठेवलेल्या गं. वाळू ओकायला नको का? त्यात चिमूटभर हळद घातली. हळदीने जंतू मरतात, सगळेच सांगतात. एवढ्या मोठ्या ऑफिसात पाठवायचं म्हटल्यावर तशाच कशा पाठवायच्या? पोरीला परीक्षेला पाठवताना वेणीफणी करून पाठवतोच की!"

म्हणजे तिने तिसऱ्या पास व्हाव्यात म्हणून तयारी करून घेतली होती. मासळी घरात आली की तिला हळद-मीठ लावायचं, हे आमच्याकडच्या बायकांच्या हातातच असतं. त्याला विचार लागत नाही. पण नमुना गेला फुकट. मीठ-हळदीने काही जंतू दबलेले असणार, आणि त्या हळदीने विषाणूची चाचणीही बिघडते, असतं ते दिसेनासं होतं. तपासलं असतं तर कदाचित छान स्वच्छ रिपोर्ट आला असता आणि तो साफ खोटा असता. सहकारीण हसत होती. माझं डोकं मात्र असं सटकलं होतं की उरलेला डबा उचलला आणि संध्याकाळी थेट लालबागला गेले.

आई मला बघूनच उठून उभी राहिली. मी तिच्याशी एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात गेले, विळी काढली, तिसऱ्या उघडायला बसले. पाच-सहा उघडून तिच्यापुढे ताटलीत ठेवल्या. म्हटलं, "बघ."

तिने चष्मा लावला. एक शिंपली हातात घेतली, पिवळ्या भागावरून बोट फिरवलं, बोट धुतलं, पुन्हा फिरवलं.

"ही आतपर्यंत गेली?"

"गेली. ती पाणी पिऊनच जगते, आई. तू हळद घातलीस, तिने हळद घेतली. खाडीत कोणी गटार सोडलं तर ती गटार घेते. फरक एवढाच की हळद दिसते, ते दिसत नाही. रात्रभर मीठपाण्यात ठेवून वाळू जाते. विषाणू जात नाहीत."

इतकी वर्षं मी तिला हेच सांगत आले होते, तेव्हा ती दुसरीकडे बघायची. या वेळी ताटलीकडेच बघत होती. ताटलीतल्या सगळ्या शिंपल्या तिने एकेक करून उलट्या घातल्या, आतलं दिसू नये म्हणून. मला वाटलं, चला, पटलं एकदाचं. जिंकल्यासारखं वाटत होतं मला, खोटं कशाला बोलू.

मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मग आता मी तिला काय घालू?"

"आई, दुसरं काहीही घाल ना! एवढं काय त्यात?"

"मागच्या वेळेला तिने ह्याच मागितल्या होत्या."

मला हे ठाऊक नव्हतं. मी विळी बाजूला सारली.

"श्रावण होता," आई म्हणाली. "तिचा फोन आला, आई, तिसऱ्या कर ना. मी म्हटलं, श्रावण संपू दे गो बाय, मग पोटभर घालते. आपल्याकडे श्रावणात चुलीवर मासळी चढत नाही, तुला माहीत आहे. ती म्हणाली, बरं. हट्ट केला नाहीन. श्रावण संपायच्या आदल्याच दिवशी तिला हॉस्पिटलात नेली."

हे सांगताना ती रडत नव्हती. तेच वाईट होतं. मी माझं डोकं चालवायला गेले. म्हटलं, "आई, अगं त्याचा काहीएक संबंध नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, गर्भाशयाचं तोंड आधीच..."

"तू सांगतेस ते खरंच असेल. पण माझ्या मनातून जात नाही त्याला मी काय करू? देवाचा महिना पाळला मी. पोरीचं पोट पाळलं नाही."

मी तिला चहा करून दिला. तो तिने घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर दांडी मारून गिरगावात बहिणीकडे गेले. ठरवूनच गेले होते की हिलाच सांगायचं, तूच आईला फोन कर आणि म्हण, आता नको वाटतात तिसऱ्या. मिटला विषय. बहीण पाय वर घेऊन पलंगावर बसली होती. मी सगळं सांगितलं, हळदीचंही सांगितलं. ती इतकी हसली की पोट धरून बसली.

"ताई, मला डोहाळे नाहीतच," ती म्हणाली. "तिसऱ्यांचा नुसता वास आला तरी उलटी होते मला. खाली कोणी मासळी तळली तर मी खिडक्या लावून घेते."

"मग मागितल्यास कशाला, बये? मी तिकडे जिवाचं रान करतेय!"

"तिच्यासाठी. आपल्याकडच्या शेजारणीला ती श्रावणाचं सांगत होती, मी आत झोपलेय असं समजून. तेव्हापासून बघतेय मी. ती माझ्याकडे सरळ बघत नाही ताई. येते, डबा ठेवते, माझ्या पोटाकडे बघते नि जाते. मला धड मिठीसुद्धा मारत नाही. मी किती वेळा म्हणायला गेले, आई, तुझं काही नाही त्यात. ते तोंडातून येतच नाही. आणि आलं तरी ती काय ऐकणारे? तिला करून घालायचंय. मी खाल्लं की तिला सुटल्यासारखं वाटेल. एवढंच."

ही आमचं शेंडेफळ, हिला साधी लाल भाजी निवडता येत नाही म्हणून आम्ही चिडवायचो. इतके दिवस आईला आणि हिला मी एकमेकींपासून वाचवत होते, की आणखी काय करत होते, कोण जाणे. "पण उलटी झाली तर?" मी विचारलं. ती म्हणाली, "ते माझं मी बघते. तू तेवढं विषाणूचं बघ."

मग मी ते बघितलं. आईच्या नेहमीच्या कोळणीकडून मी स्वतः तिसऱ्या घेतल्या आणि तशाच्या तशा नेल्या. जंतू मर्यादेच्या बरेच वर निघाले, आणि एका विषाणूची खूणही सापडली. त्या कोळणीचा काय दोष, ती काय खाडीत गटार सोडायला जाते? दादरच्या बाजारात एक बाई कोकणातून आलेला माल विकते म्हणून कळलं. तिच्याकडचा नमुना आणला. जंतू मर्यादेत, विषाणू आढळला नाही.

'आढळला नाही' हे दोन शब्द मी नोकरीला लागल्यापासून लिहीत आले आहे. 'नाही' असं आम्ही कधीच लिहीत नाही. शोधला, सापडला नाही, एवढंच म्हणता येतं. शिवाय तपासलेली तिसरी वाटून संपलेली असते. जी तपासली ती कोणी खात नाही, आणि जी खातात ती कोणी तपासलेली नसते. शेवटी शेजारच्या टोपलीवरून या टोपलीबद्दल अंदाज करायचा आणि सही करायची. आजवर त्या सहीने माझी झोप उडाली नव्हती. या वेळी उडाली. म्हणून ठरवलं, तिसऱ्या दादरच्याच आणायच्या, पण एकशिपी वगैरे काही नाही, खळखळ उकळायच्या. आई तयार झाली. त्या पिवळ्या तिसऱ्या बघितल्यापासून ती माझं निमूट ऐकत होती, आणि मला ते निमूट ऐकणंच आवडत नव्हतं.

भाची सुखरूप झाली, हे आधीच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. तिसऱ्यांमुळे झाली असं मी लिहून देणार नाही.

सातव्या महिन्यात, माघातल्या एका रविवारी, लालबागला आम्ही तिघीच जमलो. ओटीभरण सासरच्यांनी थाटात केलं होतं, हे आमचं आमचं. मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला होता. पातेल्यात तो बुडवून उभी राहिले तेव्हा आई म्हणाली, "हिला ताप आला काय बघतेस?" कित्येक दिवसांनी ती माझी टिंगल करत होती. मला बरं वाटलं. मी तिला झाकण काढू दिलं नाही, गॅस बारीक करू दिला नाही. तिसऱ्या आक्रसून वाटाण्याएवढ्या झाल्या. आई दोनदा म्हणाली, "रबर झाली गो, रबर झाली." मी म्हटलं, होऊ दे. मग तिने त्या रबर झालेल्या तिसऱ्यांवर मन लावून कांदा, खोबरं, कोकम, कोथिंबीर सगळं घातलं.

बहिणीला पाटावर बसवलं. तिचा चेहरा वासानेच उतरला होता, पण आईला वाटलं पोट जड झालंय म्हणून. आईने ताट वाढलं, पण हात पुढे होईना. बहीणच म्हणाली, "भरव ना."

पहिला घास घेतला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. चावून चावून गिळला. दुसरा घेतला. कपाळावर घाम आला होता. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने हातानेच मागे सारला. तिसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशी आई घाबरली.

"पुरे पुरे. वातड झाल्यात गो, नको खाऊस. मिळालं ना तुला? डोहाळा पुरला ना?"

"ह्या वेळचा पुरला," बहीण म्हणाली. "आता एक मागच्याचा दे."

आईचा हात ताटावर तसाच थांबला. तिने मान वर करून बहिणीकडे पाहिलं, नीट, सरळ पाहिलं. मग एक तिसरी उचलली, तिचं मांस बोटांनी सोडवलं, भातात कालवलं आणि तो घास तिच्या तोंडात दिला. बहिणीने तो गिळेपर्यंत आईने हात तिच्या तोंडाजवळून काढला नाही. आणि मग आई उष्ट्या हातानेच तिच्या गळ्यात पडली आणि मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी, त्या गेलेल्या बाळासाठी रडली.